सेक्टर दहा, पण कुठला?

कृष्णात जगदाळेचा जगात कुणावर विश्वास नव्हता, आणि गंमत अशी की याच एका गुणावर त्याला नोकरीत शाबासकी मिळत आली होती. घरी तो दूधवाल्यासमोर दूध पुन्हा मापून घ्यायचा. सोसायटीच्या मीटिंगचा कागद दोनदा वाचल्याशिवाय सही करायचा नाही. बायको, प्रेमला, माहेराहून आली की एसटीचं तिकीट कुठाय म्हणून विचारायचा. असा माणूस अग्निशमन केंद्राच्या कंट्रोल रूममध्ये, एकशे एक नंबरच्या फोनवर बसला तर केंद्राचं भलंच होणार. आगीची खबर म्हणजे त्यांच्या भाषेत वर्दी. शिमग्याच्या दिवसांत दहातल्या सहा वर्द्या खोट्या असत, आणि खोटी वर्दी कृष्णातला हॅलोवरच कळायची.

त्याची एक पद्धत होती. समोरचा आग आग म्हणून ओरडत असला तरी हा मधेच विचारायचा, "गाव कुठलं तुमचं?" खोटं बोलणारा माणूस गावाचं नाव सांगताना अडखळतो, असा त्याचा सिद्धांत. स्वतः तो कोरेगाव तालुक्यातला. वडील वाशीच्या मार्केटात पाठीवर गोणी वाहायचे, त्यांच्यामागे हा पोरवयात इकडे आला. त्यामुळे फोनवर सातारी हेल ऐकू आला की याचा जीव लगेच सैल व्हायचा. साऱ्या जगावर संशय घेणारा हा गडी त्या हेलावर मात्र डोळे मिटून विश्वास ठेवायचा. संशयी माणसाचंही एखादं भोळं ठिकाण असतंच, आणि घात नेमका तिथंच होतो.

१९९६च्या एप्रिलात केंद्राचे अधिकारी तांडेलसाहेब यांनी कंट्रोल रूमच्या टेबलावर प्लॅस्टिकमध्ये घातलेलं एक कार्ड आणून ठेवलं. एका बाजूला कृष्णात बसायचा, दुसऱ्या बाजूला रहिमा. रहिमा उरणकडच्या कोकणी मुसलमान घरातली, चार वर्षं नोकरीत, बोलायची कमी.

"उद्यापासून ह्या कार्डावर काय हाय तेच इचारायचा," साहेब म्हणाले. "सगल्यांना तेच प्रश्न, त्याच क्रमान. फोनवर वलखीचा असो नायतर मंत्री, एक बी प्रश्न गालायचा नाय."

कार्डावर सगळ्यात वर होतं: नोड कोणता? मग सेक्टर, इमारत, जवळची खूण. मग फोन नंबर. काय पेटलंय, आत कुणी आहे का, चालता न येणारं कुणी आहे का. मग ऐकलेला पत्ता समोरच्याला वाचून दाखवायचा. आणि गाडी पोचेपर्यंत त्यानं काय करायचं आणि काय करायचं नाही, तीही वाक्यं छापलेली होती, म्हणजे घाबरलेल्या माणसाशी बोलताना शब्द शोधत बसायला नको. गाव कुठलं हा प्रश्न कुठंच नव्हता.

पहिलाच प्रश्न वाचला आणि कृष्णातनं कार्ड उलटं करून ठेवलं. हे शहर वसवणाऱ्यांनी वाशी, नेरूळ, बेलापूर असे नोड पाडले आणि प्रत्येक नोडात सेक्टर नव्यानं एकपासून मोजले. त्यामुळे सेक्टर दहा वाशीत आहे, नेरूळमध्ये आहे, कोपरखैरण्यातही आहे, आणि त्यातल्या प्रत्येक माणसाला वाटतं की सेक्टर दहा म्हणजे आपलाच. बाकी लोकांसाठी ही थट्टेची गोष्ट. कृष्णातला त्यात थट्टा दिसत नव्हती.

गेल्या डिसेंबरात एका बाईचा फोन आला होता. "स्वयंपाकघर पेटलंय, सासूबाई आत हायेत, सेक्टर दहा, पाण्याच्या टाकीजवळ." हेल अस्सल सातारी. कृष्णातनं पुढं काही विचारलं नाही. आपली माणसं म्हणजे मार्केटच्या आसपासची, मार्केट म्हणजे वाशी, आणि वाशीच्या सेक्टर दहात टाकी आहेच. त्यानं बंब वाशीला पाठवला. बाई नेरूळच्या सेक्टर दहामधून बोलत होती. टाकी तिथंही होती. बंब वाशीत गोल गोल फिरला, मग दुसरा फोन आला, मग नेरूळची गाडी सुटली. पाव तास गेला. सासू वाचली, पण दोन्ही हातांची बोटं कायमची वळली. आणि कृष्णातनं वर्दीच्या रजिस्टरात स्वच्छ अक्षरात लिहिलं: फोन करणाऱ्याने पत्ता चुकीचा दिला.

एवढं एक वाक्य. साहेबांनी त्याखाली सही केली, विषय संपला. आणि आता हे कार्ड.

चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते खोटं नाही. कृष्णातला खात्रीच झाली की कुठंतरी पाणी मुरतंय. कार्ड त्याच्यासाठीच आणलंय, त्यानं एक प्रश्न गाळला की डिसेंबरचं प्रकरण वर काढायचं, असा बेत आहे. आणि बेत करणारी दुसरी कोण असणार? रहिमाच. कारण रहिमा एक छोटी डायरी बाळगायची. फोन ठेवला की दोन ओळी लिहायची आणि डायरी पर्समध्ये टाकायची. रजिस्टर समोर उघडं असताना बाईला वेगळी डायरी कशाला लागते? तो पाणी प्यायला उठला तरी एक डोळा त्या पर्सवर ठेवायचा. ती साहेबांच्या केबिनमध्ये गेली की हा घड्याळ बघायचा. एकदा ती अकरा मिनिटं आत होती. अकरा मिनिटांत माणसाच्या नोकरीची काय वाट लागत नाही?

मे महिन्यात ती बाई स्वतःच केंद्रात आली. तीस-बत्तीस वर्षांची, हातात रिकामी पिशवी. नाव सुनयना. रहिमापाशी उभी राहून म्हणाली, "डिसेंबरात आमच्याकडं आग लागली होती. तेव्हाचं तुमचं रजिस्टर बघायला मिळेल का? मी फोनवर नेरूळ म्हणाले होते का नव्हते, एवढंच बघायचंय. मला आठवतच नाही. घरात सगळे म्हणतात मी चुकीचं सांगितलं."

रहिमा कपाटाकडं वळणार तोच कृष्णात म्हणाला, "जुनी रजिस्टरं बेलापूरला पाठवल्यात. हितं काय न्हाई."

रजिस्टर कपाटातच होतं, वरून तिसरं. रहिमानं त्याच्याकडं बघितलं, तेवढ्यात तिचा फोन वाजला. सुनयनानं पिशवीची घडी घातली. "सासूबाईंना घास मीच भरवते," ती म्हणाली. "भरवताना रोज तेच ऐकते." आणि गेली. कृष्णातला तिची कीव यायला हवी होती. त्याला वाटलं, हिला इथं धाडलं कुणी? रहिमानं तर नाही? माणूस घाबरला की असा नीच होतो, त्याला काही मोठी वाईट बुद्धी लागत नाही.

त्यानंतर आठवड्याभरानं, दुपारी अडीचच्या सुमाराला फोन वाजला. कृष्णातनं उचलला.

"अवो, आग लागलीय! स्टो भडकला, पडदा पेटलाय, लवकर गाडी धाडा!"

आवाज प्रेमलाचा. त्याची बायको. त्याच्या हातानं आपोआप वायरलेसचा माईक उचलला. पत्ता त्याला विचारायची गरज होती का? कोपरखैरणे, सेक्टर सहा, दुसरा मजला. तोंड उघडणार एवढ्यात त्याला समोर रहिमा दिसली. तिनं डायरी उघडली होती, हातात पेन होतं आणि नजर त्याच्यावर.

लिहितेय, तो मनात म्हणाला. स्वतःच्या बायकोच्या फोनला कार्ड गाळलं म्हणून लिहितेय. हिला ती संधी द्यायची नाही. आणि निव्वळ त्या रागानं, खोलीला ऐकू जाईल अशा खणखणीत आवाजात त्यानं कार्ड वाचायला सुरुवात केली.

"आपण कुठल्या नोडमधून बोलताय?"

"अवो, मी प्रेमला! वळखलं न्हाई का?"

"नोड कोणता?"

पलीकडं ती रडायला लागली. "नेरूळ. सारसोळ्यात हाय मी. पुतळाबाईच्या शेजारनं फोन करत्येय."

कृष्णातचा हात माईकवर तसाच राहिला. सारसोळे? पुतळाबाई म्हणजे त्यांच्या इमारतीत मासळी घेऊन येणारी कोळीण. पाय मोडून घरी पडली होती, हे त्याला माहीत होतं. प्रेमला तिला भेटायला गेली, हे माहीत नव्हतं. कुठं चालले म्हटलं की शंभर प्रश्न, म्हणून अलीकडं प्रेमलानं त्याला काही सांगणंच सोडलं होतं.

त्या घडीला त्याला स्वतःचं एक वाक्यही सुचलं नसतं. पण पुढचा प्रश्न समोर छापलेला होता, त्यानं तो वाचला. मग त्याच्या पुढचा. देवळामागची गल्ली, निळं दार. फोन नंबर. आत कुणी आहे का? चालता न येणारं कुणी?

"पुतळाबाई हाय की आत! प्लास्टरमधी हाय! म्या चहा करायला गेले अन्..."

त्यानं पत्ता वाचून दाखवला, तिनं हो म्हटलं. तोवर रहिमानं दुसऱ्या सेटवरून नेरूळची गाडी काढलीही होती. कृष्णात वाचत राहिला. पुढचं दार मोकळं आहे का? धूर तिथवर आला नसेल तर दोघातिघांनी मिळून त्यांना चादरीवर घ्या, वाकून, ओढत बाहेर काढा. स्टोव्हवर पाणी टाकू नका. बाहेर आल्यावर पुन्हा आत जाऊ नका. प्रेमला एकेक वाक्य शेजारच्या माणसांना ओरडून सांगत होती, ते त्याला ऐकू येत होतं. मग फोन नुसताच लोंबकळत राहिला. पलीकडं गलका, भांडी पडल्याचा आवाज, बायकांचं ओरडणं. कृष्णातनं आयुष्यात पहिल्यांदा देवाला हाक मारली आणि त्यामागं देवाचा काही डाव असेल असं त्याच्या मनात आलं नाही.

गाडी सात मिनिटांत पोचली. पुतळाबाई चादरीवर गल्लीत पडून सगळ्यांना शिव्या देत होती. स्वयंपाकघर गेलं. प्रेमलाच्या कोपराला थोडं भाजलं, तेवढंच.

वायरलेसवर हे कळल्यावर कृष्णातनं वर्दी रजिस्टरात लिहून घेतली. कोपरखैरण्याला बंब गेला असता तर त्याला दुसऱ्या मजल्यावर कुलूप दिसलं असतं. कुलूप तोडून आत जाईपर्यंत सारसोळ्यात काय झालं असतं, याचा हिशेब त्याच्या डोक्यातून जाईना. शेवटी तो रहिमाकडं वळला.

"बाई, एकदा सांगूनच टाका. त्या डायरीत माझ्याबद्दल काय लिवता?"

रहिमाला आधी कळलंच नाही. मग तिनं डायरी त्याच्यापुढं सरकवली. "तुमच्याबद्दल? बघा की."

पानोपानी तिच्याच वर्द्या होत्या. काय विचारायचं राहिलं, समोरचा कशानं गोंधळला, किती मिनिटं गेली. पहिल्या पानावर दोन वर्षांपूर्वीची तारीख. बेलापूरच्या सेक्टर पंधराची गाडी तिनं वाशीच्या सेक्टर पंधराला पाठवली होती.

"मीच सायबांना जाऊन सांगितलं, माझी गाडी चुकली म्हणून," रहिमा म्हणाली. "मेमो मिळाला. मग सायेब म्हणाले, आपल्या चुका लिहून आण, आपण कार्ड बनवू. त्यात टायम गेला. मला वाटायचं चूक माझीच होते, तुमची कधी होत नाही. तुम्ही कसं विचारता ते बघून शिकत होते मी."

म्हणजे डिसेंबरची चूक खरी कुणाची हे कुणालाच माहीत नव्हतं, आणि पुढंही कळलं नसतं. कार्ड आल्यापासून ज्या कटाला तो घाबरत होता तो कट नव्हताच. कृष्णातला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं, आणि खरं सांगायचं तर घडीभर वाटलंही. मग त्याला प्रेमलाचं रडणं आठवलं. तिनं तरी नेरूळ आपणहून कुठं सांगितलं होतं? घर पेटलेल्या बाईला नोड आठवत नसतो. तो विचारायचा असतो. चुकीचा पत्ता सुनयनानं दिलाच नव्हता.

तो उठला, कपाटातलं वरून तिसरं रजिस्टर काढलं आणि साहेबांच्या केबिनमध्ये गेला. आत किती मिनिटं लागली हे त्यानं बघितलं नाही. मेमो त्यालाही मिळाला, आणि रजिस्टरात जुन्या ओळीखाली त्यानं स्वतःच्या हातानं दुसरी ओळ लिहिली.

रविवारी तो नेरूळला, सेक्टर दहात गेला. दार सुनयनाच्या सासऱ्यांनी, हौसेरावांनी उघडलं. मार्केटातून निवृत्त झालेला, थकलेला माणूस. आत जेवणं चालली होती. सासू, बाळाबाई, भिंतीला टेकून बसली होती, वळलेले हात मांडीवर. सुनयना तिला भात भरवत होती. तिचा नवरा बाजूला पेपर वाचत होता.

"पानी घ्या," हौसेराव म्हणाले. "गाव कुठलं तुमचं?"

त्या प्रश्नानं कृष्णातची मान खाली गेली. त्यानं पाणी घेतलं नाही. आपण कोण ते सांगितलं, आणि उभ्याउभ्याच सांगून टाकलं की त्या दिवशी फोन त्यानं घेतला होता, पत्ता बरोबर होता, पण नेरूळ का वाशी हे त्यानं विचारलं नाही. तो फार हळू बोलत होता.

सुनयनानं हातातला घास ताटात ठेवला. "परत सांगा," ती म्हणाली. "मोठ्यानं सांगा. मामांना कमी ऐकू येतं."

नवऱ्यानं पेपर खाली केला. कृष्णातनं हौसेरावांकडं तोंड केलं आणि मोठ्यानं सांगितलं. "तुमच्या सुनेनं पत्ता चुकवला न्हाई. म्या इचारलाच न्हाई. आन रजिस्टरात तिच्यावर खोटं लिवलं."

बाळाबाई आधी आपल्या हातांकडं आणि मग सुनेकडं बघत राहिली. शेवटी तिनं मनगटानं ताट हळूहळू सुनयनाकडं ढकललं.

"आधी तू जेव," ती म्हणाली.

सुनयना जेवली नाही. ताट तसंच पुढ्यात ठेवून ती सगळ्यांसमोर मोठ्यानं रडली, आणि सहा महिन्यांत पहिल्यांदाच त्या घरात तिला कुणी गप्प बस म्हटलं नाही.