चिंचेच्या पोटातलं लोखंड

रेवदंड्याच्या खाडीकाठी मोठं झाड पाडायचं असलं की लोक जोडीचं नाव सांगत. गुणाजी आणि केसर. नवखा माणूस विचारायचा, "केसर म्हणजे त्याचा भाऊ का?"

"बायको," लोक म्हणायचे. मग नवख्याचं तोंड बघत राहायचे.

खरा भाऊ होता. मोठ्या करवतीला दोन मुठी असतात, दोन्ही टोकांना एकेक. एका मुठीवर गुणाजी आणि दुसरीवर त्याचा धाकटा भाऊ, असं बरीच वर्षं चाललं होतं. ज्या साली इंग्रज गेले त्याच साली भाऊ मुंबईला गिरणीत गेला आणि करवतीची दुसरी मूठ रिकामी राहिली. चार दिवस गुणाजीनं माणूस शोधला. पाचव्या दिवशी केसर भाकरी घेऊन वाडीत आली, तेव्हा अर्धवट कापलेल्या आंब्यात करवत तशीच अडकलेली होती आणि हा बाजूला बसून विडी ओढत होता. तिनं भाकरी फांदीला टांगली, पदर खोचला आणि जाऊन पलीकडची मूठ धरली.

"ढकलायचं न्हाय," गुणाजी म्हणाला. "आपल्याकडं ओढायचं आणि सोडून द्यायचं. पुढं न्यायचं काम पलीकडच्याचं."

ऐकायला सोपं आहे, पण करायला कठीण. हातात मूठ आली की माणूस ढकलतोच. ढकललं की पातळ पातं वाकतं, कापात अडकतं आणि दोघांचे खांदे मोडून येतात. केसरला ते जमायला तीन दिवस लागले. पुढे दहा वर्षांत ती जे शिकली ते मात्र गुणाजीनं शिकवलेलं नव्हतं. रोज संध्याकाळी ती ओट्यावर करवत मांडीवर आडवी घेऊन बसायची आणि कानशीनं एकेक दात घासायची. प्रत्येक दाताला कानशीचे तेवढेच तीन हात, ना कमी ना जास्त. मग एक दात किंचित डावीकडे, पुढचा किंचित उजवीकडे वाकवायचा, म्हणजे काप पात्याहून रुंद पडतो आणि पातं मोकळं फिरतं. हे गणित तिनं डोळ्यांनी आणि बोटांनी बसवलं होतं. तिची करवत ओढताना आवाज यायचा तो सुपात तांदूळ पाखडल्यासारखा, एकसारखा. आवाज बदलला की ती थांबायची. आत गाठ आहे, पोकळी आहे की ओल आहे, हे ती कापायच्या आधी सांगायची आणि बहुतेक वेळा बरोबर सांगायची.

सत्तावन्न सालच्या शिमग्यानंतर दिनानाथशेठच्या वखारीत मशीन आलं.

दिनानाथशेठ जळाऊ लाकूड शिडाच्या पडावात भरून मुंबईला धाडायचे, पाववाल्यांच्या भट्ट्यांसाठी. लढाई संपल्यावर लष्कराचं सामान भंगारात निघालं होतं, त्यातली ही पेट्रोलवर चालणारी साखळी-करवत त्यांनी मुंबईहून स्वस्तात उचलून आणली. एका टोकाला इंजिन, पुढे माणसाच्या उंचीचं लोखंडी पातं, आणि पात्याच्या कडेनं सायकलच्या साखळीसारखी, पण दात असलेली साखळी गरगर फिरायची. वजन इतकं की दोघांनी उचलावं. सोबत साखळी मात्र एकच मिळाली होती. दुसरी विकणाऱ्याकडे नव्हती.

ती चालवायला मोरू आला. मोरू लाँचच्या इंजिनावरचा मिस्त्री, तिशीचा, तोंडाचा फटकळ आणि हाताचा हुशार. त्यानं कार्बुरेटर सोडवून साफ केला, पेट्रोलमध्ये तेल किती मिसळायचं ते तीनदा धूर बघून ठरवलं आणि वखारीमागचं सुरूचं एक जाड झाड विडी ओढून व्हायच्या आत आडवं केलं. तसलं झाड कापायला गुणाजी-केसरला अर्धी सकाळ लागायची.

"बघितलंस, गुणाजी?" शेठ म्हणाले. "आता बांधावरची चिंच घेतो. ती मशीननं पडली की दसऱ्यापासून सगळं काम मशीननं. तुमचंही वय झालं. आराम करा."

गुणाजीनं खांदा चोळला. त्याचा उजवा खांदा दोन वर्षांपासून दुखरा होता आणि ते सगळ्यांना माहीत होतं. बांध फुटून खारं पाणी शिरलं, तेव्हा त्यांच्या भाताच्या खाचरात मीठ बसलं. आता घरात जे शिजत होतं ते करवतीवर. आराम म्हणजे काय, ते दोघांनाही कळलं.

त्याच खाऱ्या पाण्यानं बांधावरची चिंचही वाळली होती. तिघांच्या कवेत न मावणारं खोड, आणि झुकलेली कुठे, तर सोनूबाईच्या खोपीवर. सोनूबाई कोळीण, नवऱ्यामागं एकटी मासळी सुकवून विकणारी. तिची जाळी, टोपल्या, सगळं त्या खोपीत. पावसाच्या आत झाड उलट बाजूला, खाजणाच्या दलदलीत पाडायला हवं होतं.

पाडायच्या दिवशी सगळी वस्ती जमली. केसर आणि गुणाजीही येऊन दगडावर बसले. गुणाजी येणार नव्हता. केसर म्हणाली, "आपल्याला कोण काढतंय ते तरी बघू."

बुंध्याला बांधाचे दगड गच्च बसलेले होते, त्यामुळे खालून कापणं शक्य नव्हतं. मोरूनं खडूनं रेघ मारली ती कमरेच्या वर, छातीच्या खाली. ती रेघ कुठून जाते ते केसरनं दोनदा बघितलं.

त्या चिंचेत खिळे होते. किती ते कुणालाच माहीत नव्हतं. डोंगराकडच्या भगताची रीत होती ती. कुणाचं मूल जगत नसलं, कुणाच्या अंगात काही शिरलं, की तो खिळ्याला काळा दोरा गुंडाळून द्यायचा. भर दुपारी एकट्यानं जायचं, खिळा चिंचेत ठोकायचा, मागं न बघता यायचं. आणि कुणाला सांगायचं नाही, नवऱ्यालाही नाही. सांगितलं की चिंचेनं धरलेलं सुटलं. खिळा मारणाऱ्या बहुतेक बायकाच. बाईचा हात हातोडी घेऊन जिथं सहज पोचतो तिथं तो बसायचा, कमरेच्या वर, छातीच्या खाली. मग दहा-वीस वर्षांत साल वाढून त्याला गिळून टाकायची.

त्यातला एक केसरचा होता. दोन मुलं महिन्याच्या आत गेल्यावर, लेक शकू पोटात असताना मारलेला. गाठीपासून डावीकडे पाच बोटांवर. बरोबर खडूच्या रेघेवर.

मोरूनं दोरी ओढून इंजिन चालू केलं. केसर बसून राहिली. साखळी एकच होती. ती खिळ्यावर तुटली की मशीन म्हणजे पुन्हा भंगार, आणि दसऱ्याला करवतीची दुसरी मूठ तिच्याच हातात. त्यासाठी तिला काही करायचं नव्हतं, फक्त गप्प बसायचं होतं. तसंही न सांगण्याचंच तिला सांगितलेलं होतं. पण तुटलेली साखळी जाईल कुठं? मोरूनं तोंड पात्याजवळ आणलं होतं, डोळा बारीक करून तो रेघेवर नेम धरत होता.

ती उठली, चालत गेली आणि रेघेवर तळहात ठेवला.

मोरूनं इंजिन बंद केलं. "काकी, हात काढा. साखळीला माणूस आणि लाकूड वेगळं कळत न्हाय."

"लोखंड तरी कळतं काय?"

"कसलं लोखंड?"

"आत खिळे हायत."

मोरूनं खोडाकडे पाहिलं. साल काळी, भेगाळलेली, खिळ्याचं नाव नाही. दिनानाथशेठ पुढे आले. "गुणाजी, बायकोला आवर. धंदा जातोय म्हणून खोडा घालतेय."

"ती खोटं बोलत न्हाय, शेठ," गुणाजी म्हणाला. पण त्यालाही काही माहीत नव्हतं, आणि ते त्याच्या आवाजात कळलं.

केसरनं खोडाला टेकलेली कुऱ्हाड उलटी धरली आणि बोथट बाजूनं रेघेवरून ठोकत गेली. मोरू कान लावून मागे मागे. "मला तर सगळे ठोके सारखेच."

"लाँचचं इंजिन मलाबी सारखंच ऐकू येतं. हा ऐक. आणि हा."

मोरूनं पुन्हा ऐकलं. दुसरा ठोका किंचित उंच होता, आणि लवकर संपत होता. त्यानं मान हलवली.

"पण हे वरवरचे," केसर म्हणाली. "खोल गेलेले ठोकून कळत न्हायत. ते ज्याचे त्यानं सांगायला पायजेत."

ती वस्तीकडे वळली. कुणी जाळ्याकडे बघू लागलं, कुणी खाडीकडे. सोनूबाई तर आभाळात ढग शोधत होती.

"बघ," शेठ म्हणाले. "कुणाचा न्हाय."

केसरनं गुणाजीच्या पिशवीतून पटाशी काढली. गाठीपासून पाच बोटं मोजली आणि मोठ्यानं म्हणाली, "हा माझा. शकूच्या वेळचा."

ती साल उडवत आत गेली, मग लाकूड. दोन बोटं आत काळा डाग लागला, लोखंडानं लाकडाला चढवलेला, आणि डागाच्या मध्ये खिळ्याचं डोकं. पक्कडीनं ओढून तिनं तो बाहेर काढला आणि मोरूच्या हातावर ठेवला. चांगला वीतभर होता. मोरूनं खिळा पाहिला, मग आपली साखळी, मग साखळीपासून आपलं तोंड कितीसं लांब होतं ते.

"मला कधी बोलली न्हायस," गुणाजी म्हणाला.

"बोलायचं नव्हतं."

"आन आता?"

"आता शकूलाच दोन पोरं हायत. किती वर्सं धरून ठेवायचं त्या चिंचेनं?"

तरीही कुणी पुढे येईना. ते का, हे केसरला कळत होतं. चारचौघांत सांगायचं म्हणजे घरातलं दुखणं चव्हाट्यावर मांडायचं. ती म्हणाली, "आम्ही सगळी खाडीकडं तोंड करून उभी राहतो. ज्याचा असेल त्यानं जाऊन चुन्याचं बोट लावायचं. कुणी विचारणार न्हाय, कुणी बघणार न्हाय."

चुन्याची डबी प्रत्येकाच्या कनवटीला होती. वस्तीनं पाठ फिरवली. मागे पावलं वाजत होती, थांबत होती, परतत होती. एकटी सोनूबाई उघड बोलली. "माझे दोन हायत गो. डावीकडं."

"दोन?"

"एक लेकासाठी. एक सासूसाठी."

"सासूला काय झालेलं?"

"काय न्हाय. म्हणूनच मारला."

हसता हसता लोक वळले, तेव्हा खोडावर एकोणीस पांढरे ठिपके होते. दिनानाथशेठ बोट धोतराला पुसत होते. केसरनं दुसरीकडे पाहिलं.

दुपारपर्यंत ती आणि गुणाजी पटाशीनं खिळे काढत राहिले. दोन इतके आत होते की मोरूनं रेघच चार बोटं वर सरकवली. मग खाजणाच्या अंगाला खाच घेऊन झाडाला तोंड पाडलं आणि पाठीमागून काप सुरू झाला. पात्याच्या टोकाला एक मूठ होती, ती शेठचा हमाल दादू धरून उभा होता. चार बोटं काप गेला आणि पातं अडकलं. सोडवलं, पुन्हा अडकलं. इंजिन धापा टाकू लागलं.

"दादू, ढकलू नको," केसर म्हणाली.

"मग काय करू? लाकूड आपणहून कापलं जातंय काय?"

"सर बाजूला."

तिनं मूठ धरली. हादरा खांद्यापर्यंत आला. करवतीहून दहापट राक्षसी, पण टोकाला तीच मूठ आणि तीच गोष्ट. पातं सरळ राखायचं, आपलं वजन त्याला द्यायचं, आणि बाकी पलीकडच्याला करू द्यायचं. आवाज एकसारखा झाला. मोरूनं इंजिनावरून मान वर करून एकदा तिच्याकडे पाहिलं. गुणाजी कापात पाचरी ठोकत होता, डाव्या हातानं.

अर्ध्याच्या पुढे मुठीतला हादरा बदलला. नेमकं काय ते तिला सांगता आलं नसतं. तिनं एकदम हात वर केला आणि मोरूनं काही न विचारता इंजिन बंद केलं. कापात चमकलं तेवढं एक लोखंड. आणखी एक खिळा, ठिपका नसलेला. साखळीचा एक दात बोथट झाला होता, बस. तो कुणाचा होता ते कुणी बोललं नाही, आणि केसरनं कुणाला विचारूही दिलं नाही.

उन्हं कलता कलता चिंच खाजणात पडली. सोनूबाईच्या खोपीची एक काडी हलली नाही.

त्या संध्याकाळी साखळी केसरच्या ओट्यावर आली. शेठ स्वतः घेऊन आले. "विकणाऱ्यानं मला सांगितलं नव्हतं," ते म्हणाले, "की हिला दोन जाणती माणसं लागतात."

"तीन लागतात," केसर म्हणाली. "पाचर कोण मारणार?"

शेठनी गुणाजीकडे पाहिलं आणि मान डोलावली. केसरनं मांडीवर साखळी घेतली आणि बोथट दात शोधून कानस लावली. तीन हात.

खिळे तिनं ओहोटीला खाडीत सोडले. आपला मात्र ठेवला, आणि भिंतीत ठोकून त्याला जुनी करवत टांगली. मशीन बंद पडलं की ती करवत निघायची, आणि मशीन महिन्यातून दोनदा तरी बंद पडायचं.

पुढे साठ सालानंतर मोरू श्रीवर्धनपासून अलिबागपर्यंत झाडं पाडत फिरला, दुसऱ्या, नव्या मशीनवर. केसरचे हात तेव्हा थकले होते. पण कुठल्याही वस्तीत झाड जुनं असलं की मोरू आधी उलट्या कुऱ्हाडीनं खोड ठोकायचा, मग चुन्याची डबी दगडावर ठेवायचा. "कुणाचं काही आत असेल तर लावा ठिपका," एवढं म्हणून तो पाठ फिरवायचा आणि सगळी पावलं परत येईपर्यंत वळायचा नाही.