तिच्या नावाची मुदत

मी चौथी शिकलेला. इंटरनेटातलं मला कळत नाही. पण तिथलं नाव हातचं कसं जातं ते कळलं.

आमचा पाडा जामसरकडचा. बायको नागलीचे पापड करायची. पुतणी जव्हारला कॉम्प्युटरच्या दुकानात कामाला आहे. तिने काकूच्या नावाची वेबसाइट काढली, काकूचा फोननंबर घालून. पाड्यातल्या सहा बायांचे पापड त्यावर विकले जायचे.

पुतणीने तेव्हा समजावलं होतं. मशीनला आकडा कळतो, नाव माणसांसाठी. एक नाव जगात एकालाच मिळतं. त्याची वही एकाच ठिकाणी सांभाळतात, आपण कंपनीमार्फत तीत नाव लिहून घ्यायचं, तेही वर्षापुरतं. मी म्हटलं, आपल्या घरावर पंचायतीने रंगाने आकडा घातलाय, तो मलाच पाठ नाही. लोक पापडवालीचं घर विचारत येतात. ती म्हणाली, तसंच.

होळीनंतर बायको गेली. आमच्यात माणसाच्या रोजच्या वस्तू त्याच्याबरोबर मातीत देतात. फणी दिली, मिश्रीची डबी दिली. फोन मी दिला, कुणाला न सांगता. दिवसभर त्यावर बोलायची, म्हणून दिला.

दिवाळीआधी पुतणी आली. नावाची मुदत संपत आली होती. ती वाढवायला खातं उघडायचं, तर ओटीपी काकूच्या फोनवर. मुदत संपली की थोडे दिवस नाव अडवून ठेवतात, मग सोडतात. आधी मागेल त्याचं. बायांनी फोनसाठी घर पालथं घातलं, कणगीतसुद्धा हात घातले. मी ओट्यावर बसून बघत होतो. शेवटी सांगून टाकलं.

पुतणी म्हणाली, "म्हणजे काका, ओटीपी काकूला गेला."

एक बाई म्हणाली, "लाव फोन तिला. लागायचा नाय पण. जितेपणी तरी तिचा फोन कधी रिकामा असायचा?"

सगळ्या हसल्या. मीपण हसलो.

कंपनीने सांगितलं, मृत्यूचा दाखला पाठवा, वारसाच्या नावावर करून देतो. दाखला मी काढलाच नव्हता. ग्रामसेवकाने दोनदा निरोप धाडला, मी गेलो नाही. रेशनकार्डावर ती अजून होती, असू दे म्हटलं. आता तिचं नाव तिकडं राखायचं तर इकडं ती मेली असं मला सही करून द्यायचं होतं. तीन दिवस मी घरातच बसून काढले. चौथ्या दिवशी एसटी धरली. उशीर झाला म्हणून प्रतिज्ञापत्र लागलं, दोन खेपा झाल्या. लिहिणाऱ्याने विचारलं, एवढे महिने काय करत होतात? म्हटलं, काही नाही.

तोवर मुदत संपली होती, पण नाव सुटलं नव्हतं. पुतणीने कागद पाठवले. मालकाच्या रकान्यात मी आलो, वेबसाइटचं नाव तिचंच राहिलं. मुदत वाढवायची वर्षाची आठवण आता माझ्या फोनवर येईल.

पुतणीला सांगून ठेवलंय, "मी गेलो की तंबाखूची डबी द्या बरोबर, चपला द्या. फोन तेवढा काढून घ्या."