सामसूम ऐकणाऱ्या कुसुमताई

कुसुमताई देवस्थळी यांची आणि माझी ओळख एकही शब्द न बोलता झाली. पुण्याहून सिंगापुरात नोकरीला येऊन मला वर्षही झाले नव्हते. समुद्रापलीकडे सुमात्रा बेटावर गेंड्यांच्या राखणीसाठी झाडांवर ध्वनियंत्रे बांधली आहेत, त्यांतले आवाज इथे बसून ऐकणारा मराठी मंडळींचा एक गट आहे, आणि त्यांना संगणकातला माणूस हवा आहे, असे कळले म्हणून एका शनिवारी दुपारी मी मरीन परेडला कुसुमताईंच्या फ्लॅटवर गेलो. ताईंनी दार उघडले, ओठांवर बोट ठेवले आणि मला आत घेतले. पंखे बंद, फ्रिज बंद, भिंतीवरचे घड्याळसुद्धा बाल्कनीत नेऊन ठेवलेले. ओट्याशी त्यांची नात उभी होती. "आजी, आय ओन्ली वॉन्ट टोस्ट, लाह," ती कुजबुजली. टोस्टरलाही बंदी होती. त्या घामट शांततेत मला खरे तर काढता पाय घ्यावासा वाटत होता.

ताईंची उभी हयात बँकेत गेली. डीलिंग रूममधले, म्हणजे चलनांचे सौदे ठरतात तिथले फोन बँका ध्वनिमुद्रित करतात. त्यांत कुठे लबाडी आहे का, हे ऐकून ठरवणे हे त्यांचे काम. माणसाचे खोटे त्याच्या शब्दांत सापडत नाही, शब्दाआधी तो जरासा थांबतो तिथे सापडते, असे त्या सांगतात. निवृत्तीनंतर हाच कान त्यांनी जंगलाकडे लावला. बंदुकीचा बार, करवत, मोटार हे आमचा प्रोग्रॅम आपोआप ओळखतो. ताई ऐकतात ती सामसूम. एकाच झाडाभोवतीचे किडे गप्प झाले की तिथे माणूस उभा आहे, हा त्यांचा ठोकताळा.

या कानापुढे कोणाचे काही चालत नाही. माझी पत्नी इथे इस्पितळात होती तेव्हा ताईंचा फोन आला. सगळे ठीक आहे, असे मी सांगितले. संध्याकाळी त्या एमआरटीच्या गाड्या बदलत बदलत शहराच्या दुसऱ्या टोकाला, आमच्या चोआ चू कांगच्या घरी वरणभाताचा डबा घेऊन हजर. 'ठीक' म्हणण्याआधी मी थांबलो होतो म्हणे. डबा उघडताना मला रडू आले, आणि खरे सांगायचे तर थोडी भीतीही वाटली.

त्या जंगलात चिखलाचे एक डबके आहे. गेंड्याची एक मादी दुपारी तिथे लोळायला येई, आणि येताना बारीक शीळ घाली. ताई तिला माहेरवाशीण म्हणत. गेल्या वर्षी एका रविवारी आम्ही दोघे हेडफोन लावून तिची वाट पाहत होतो. अचानक ताईंनी माझे मनगट धरले. प्रोग्रॅमच्या लेखी सारे आलबेल होते. मग मलाही ऐकू आला तो श्वास. ज्या झाडाला यंत्र बांधले होते, त्यालाच टेकून कोणीतरी उभे होते. संथ, सवयीचा श्वास, इतका जवळ की मी वळून मागच्या रिकाम्या सोफ्याकडे पाहिले. तेवढ्यात दूरवरून शीळ ऐकू येऊ लागली.

यंत्राला कान आहेत, तोंड नाही. ताईंनी वनरक्षकांच्या प्रमुखांना फोन लावला. त्यांचे पथक जवळच्या टेकडीवर होते, पण दबकत जाऊन शिकाऱ्याला पकडायचे त्यांच्या मनात होते. त्यात त्यांचे चूक काहीच नव्हते. ताई मलायमध्ये, आवाज न चढवता म्हणाल्या, "तुम्ही पोचेपर्यंत ती डबक्यात असेल. आत्ताच हवेत बार काढा. तो सुटला तर सुटू द्या, तिला पळू द्या."

बार झाले. झाडी मोडत काहीतरी जड धावत गेले. तो श्वास मात्र जागचा हलला नाही. मग यंत्रावरून बोट फिरल्याची खरखर आली आणि अगदी कानात एक पुरुषी आवाज, जराही न चिडता, काही बोलला. यंत्र बंद पडले. ताईंनी हेडफोन काढून मला अर्थ सांगितला.

"तो म्हणाला, मीही ऐकतो."

तो माणूस सापडला नाही. हाताशी आलेला शिकारी ताईंनी घालवला, असे गटातले काहीजण तोंडावर म्हणाले. माहेरवाशीण पुन्हा डबक्याकडे फिरकली नाही, आणि कित्येक आठवडे ताई रोज दुपारी हेडफोन लावून तिची वाट पाहत राहिल्या. शेवटी पलीकडच्या खोऱ्यातल्या यंत्रावर तीच शीळ आली आणि तिच्या मागोमाग दुसरी, बारीक, चुकतमाकत घातलेली. पिल्लू झाले होते. ताई रडल्या, मीही रडलो. डोळे पुसत होतो तेवढ्यात त्या यंत्राभोवतीचे किडे गप्प झाले. ताईंनी लगेच फोन उचलला. त्या दिवसापासून वनरक्षक त्या मायलेकरांची पाठ सोडत नाहीत.

ताई पंचाहत्तरी पूर्ण करीत आहेत. डावा कान आता कमी ऐकतो, म्हणून त्या उजवा पुढे करतात. त्यांना उदंड आणि निरोगी आयुष्य लाभो, ही आम्हा सर्वांची प्रार्थना आहेच. मी माझ्यापुरते थोडे अधिक मागतो. तो माणूस अजून त्याच जंगलात आहे, आणि आवाजावरून तो थकलेला वाटला नव्हता. त्याच्यापेक्षा एक दिवस तरी ताईंनी जास्त ऐकावे.