आप्पांनी वेचलेली चांदी

माझ्या बापानं तरण्याताठ्या पोराला पावण्यांसमोर थोबाडीत मारली.

आज आप्पांचा स्मृतिदिन. अशा दिवशी लोक बापाचं कौतुक लिहितात. मीपण लिहिणार आहे, पण सुरुवात इथूनच करावी लागेल.

सत्याहत्तर-अठ्ठ्याहत्तर साल असेल. लक्ष्मीपुरीत आमचं भुसार मालाचं दुकान. आप्पा म्हणजे कपाळावर विभूती, पांढरंस्वच्छ धोतर, सुपारीच्या खांडाचंसुद्धा व्यसन नाही.

आणि त्यांचा थोरला, माझा अण्णा, ऑर्केस्ट्रात इलेक्ट्रिक गिटार वाजवायचा.

गिटार सेकंडहँड, मुंबईहून आणलेली. ॲम्प्लिफायर लावला की गाण्याआधी तिचं स्वतःचंच सुरू व्हायचं. गूंऽऽऽ. ट्यूबलाइट लावली तर आणखी जोरात. तारांवर हात ठेवला की जरा गप्प, हात काढला की पुन्हा तेच.

एका प्रोग्रामला पब्लिकमधून कोणतरी ओरडलं, "आरं, त्या गिरणीचा पट्टा काडा की आदी."

सगळा मांडव हसला. ऑर्केस्ट्राच्या मालकानं अण्णाला सांगून टाकलं, ही घरघर घालव, न्हायतर येऊ नकोस.

त्यावरचा इलाज अण्णाला कळला होता. गिटारीच्या पोटात जिथं वायरी असतात, तिथं आतून सगळीकडं चांदीचा कागद चिकटवायचा आणि तो अर्थिंगच्या वायरीला जोडायचा. मग बाहेरची घरघर आत शिरत नाही.

चांदीचा कागद फुकट कुठं मिळतो? सिगारेटच्या पाकिटात.

अण्णा पानपट्ट्यांवरून रिकामी पाकिटं आणून कॉटखाली पोत्यात साठवायला लागला. घरात कुणाला बोलला नाही. आप्पांसमोर गिटारीचा विषय काढायची सोयच नव्हती.

त्यातच अण्णासाठी गारगोटीचे पावणे घर बघायला आले. स्थळ चांगलं होतं. आव्वा, म्हणजे आमची आई, तर मनातनं सासू झालीच होती.

मुलीचे वडील कॉटवर बसले. पाय मागं घेतला, पोत्याला लागला, आणि फरशीवर पाकिटंच पाकिटं.

"हे कुणाचं?" आप्पांनी विचारलं.

"माजं," अण्णा म्हणाला. "पण आप्पा, ते..."

पुढचं बोलायच्या आत आप्पांचा हात उठला होता.

पावणे उठले. "येतो आमी. एस्टीची वेळ झाली," म्हणाले. चहा कपात तसाच.

मी पोह्यांच्या बश्या घेऊन दारात उभी. धरणी पोटात घेईल तर बरं, असं वाटलं. आणि खरं सांगते, लाज मला अण्णाची वाटत होती. मलाही वाटलं, हा चोरून ओढतोय.

आप्पांनी ते पोतं उचललं आणि पाकिटं बंबात घातली. पाणी चांगलं तापलं. त्याच पाण्यानं आंघोळ केली.

दुसऱ्या दिवशी अण्णा बाहेर गेलेला. गिटार तशीच उघडी पडली होती. आव्वानं आप्पांना हाताला धरून नेलं आणि आत बघायला लावलं. निम्मं पोट चांदीनं मढवलेलं.

"ह्यासाटी हुतं ते," आव्वा म्हणाली. "बोलू तर द्यायचं हुतं पोराला."



मग खरं काय ते सांगायला आप्पा एकटेच गारगोटीला जाऊन आले. तोवर मुलीचं दुसरीकडं ठरलं होतं.

अण्णानं बोलणं टाकलं. आप्पा दुकानात गेले की जेवायचा. आणि बापानं पोराची माफी मागायची रीत आमच्याकडं नव्हती. आप्पांना ते जमलंही नसतं.

ते रस्त्यावर उतरले. भर दिवसा, गिऱ्हाइकांची वर्दळ असताना, धोतर सावरत वाकायचे आणि टपऱ्यांपुढची रिकामी पाकिटं वेचायचे. विभूती लावलेला माणूस.

माझी मैत्रीण म्हणाली, "अगं, तुझे वडील काय करायला लागलेत ते?" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

कोपऱ्यावर रशीदभाईंची पानपट्टी होती. त्यांना राहवलं नाही. "आप्पा, सारा बाजार बगतोय. लाज वाटत न्हाय व्हय तुमाला?"

"वाटती की," आप्पा म्हणाले. "वाटावी म्हणूनच वेचतोय. पोराला चारचौघांत मारलंय मी."

रशीदभाईंनी हे अण्णाला जसंच्या तसं सांगितलं.  अण्णानं नुसती मान खाली घातली.

त्या रविवारी आप्पा बाहेरच्या सोप्यात बसून पाकिटं सोडवत होते. कागद मांडीवर ठेवून नखानं सरळ करत होते. अण्णा आला, जरा उभा राहिला, मग शेजारी बसला.

"आप्पा, कड दुमडा. चांदीला चांदी टेकली पायजे. मधी कागद आला तर काय उपेग न्हाय."

"अशी?"

"व्हय, अशी."

एवढंच बोलले दोघं. आव्वा आत पदर तोंडाला लावून रडत होती.

खळ आव्वानंच करून दिली. चिकटवून, वाळवून, वायर जोडून झाल्यावर अण्णानं गिटार लावली. घरघर पुष्कळ कमी झाली होती.

"अजून हाय की जराशी," आप्पा कानोसा घेत म्हणाले.

"ते ॲम्प्लिफायरचं हाय. चालतंय तेवढं."

अण्णा पुढच्या प्रोग्रामला गेला. मला वाटलं, मिटलं सगळं.

दोनेक वर्षांनी माझ्या लग्नाची बोलणी आमच्याच सोप्यात बसली. दोन्हीकडची माणसं जमली, सुपारी आली. आप्पा उंबऱ्याजवळ उभेच.

"यजमान, बसा की. तुमीच बोलायचं," पावणे म्हणाले.

"पावण्यांसमोर कसं वागावं हे मला कळत न्हाय," आप्पा म्हणाले. "एकदा चुकलोय. थोरल्याला इचारा, त्यो सांगंल ते मला मान्य."

कुणाला काही समजेना. आम्हा घरच्यांना समजलं. मी माजघरात पदर सावरून बसले होते, माझे डोळे गळायला लागले.

अण्णा उठला. आप्पांचा हात धरून त्यांना बैठकीवर आणलं आणि म्हणाला, "पावणं, ह्ये माजं वडील. ह्यांनीच बोलायचं. मी शेजारी बसतो."

 आणि तो आप्पांची पाठ चोळत बसला.

आप्पा, लेकीचा नमस्कार घ्या.