बिनविरोध मंडळ आणि दोन हिरव्या गाड्या

हिंदी मुलखातल्या मिसरोदच्या मराठी मंडळात आजवर कधी मतदान झालं नव्हतं, आणि त्याचा मंडळाला कोण अभिमान! अध्यक्षपदासाठी दोन नावं आली की सभेत एक जण उठायचा, हात जोडायचा आणि नाव मागे घ्यायचा. मग टाळ्या आणि चहा. गेली कित्येक वर्षं उठून हात जोडायचं काम शशिकलाबाई देवपुजारींकडेच होतं.

बाई मंत्रालयातल्या निवृत्त लघुलेखिका. राजधानी हलली तेव्हा वडील कचेरीबरोबर नागपूरहून आलेले, त्यामुळे त्यांचं बालपण तुलसी नगरच्या सरकारी क्वार्टरात गेलं. मंडळाच्या गणपतीचा मांडव, पोलिसांची परवानगी, नाटकवाल्यांच्या मुक्कामाची सोय, सगळं बाईंच्या गळ्यात. अध्यक्ष सुधाकरराव भाषण करायचे. ते बाईंच्याच विभागातून निवृत्त झालेले, मनानं वाईट नव्हेत. फक्त हार आपल्याच गळ्यासाठी गुंफले जातात, अशी त्यांची जन्मजात समजूत.

या वर्षी पुन्हा दोघांची नावं आली. सभेच्या दिवशी सकाळीच बाईंचे यजमान विश्वासराव म्हणाले, "घेऊन टाक मागे. उगाच कशाला वाकडेपणा?" बाईंची तव्यावरची पोळी करपली.

सभा रविवारी संध्याकाळी, सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये, टीव्हीवरच्या मोटारींच्या शर्यतीनंतर ठेवली होती. शर्यतींचं हे वेड सोसायटीला बाईंच्या सुनेनं, ऋचानं लावलेलं. आता क्लबहाउसच्या टीव्हीपुढे सगळे जमायचे, अंदाज वर्तवायचे, आणि ज्याचा चुकेल त्यानं पुढच्या रविवारी पोहे-जिलबी खिलवायची.

त्या दिवशी पहिल्या दोन्ही जागांवर एकाच संघाच्या हिरव्या गाड्या होत्या. पुढे होता तो संघातला दुय्यम चालक; मागचा संघाचा लाडका, विजेतेपदाचा दावेदार.

"संघ सांगेल, आणि पुढचा वाट देईल," सुधाकररावांनी जाहीर केलं. "शेवटी संघ मोठा."

"नाही देणार," बाई म्हणाल्या. "पुढे आहे तो स्वतःच्या हिमतीवर आहे."

"अहो मम्मी, टीमचा ऑर्डर आला की मानावाच लागतो," ऋचा हळूच म्हणाली. "नाही तर बंदे की नौकरी गई समजा."

"जाऊ दे गेली तर. लावा माझ्या नावानं जिलबी."

शर्यत रंगली. पुढची गाडी एकदाही चुकली नाही. बाई खुर्चीच्या टोकावर सरकून बसल्या होत्या. आणि मग संघाकडून रेडिओवर तो निरोप आलाच: तुझा जोडीदार जास्त वेगात आहे, त्याला पुढे जाऊ दे.

एक फेरी गेली, दुसरी गेली, वाट मिळाली नाही. क्लबहाउसमध्ये कोणी चहाचा घोटही घेईना. "देऊ नकोस रे," बाई मोठ्यानं म्हणाल्या, जणू तो समोरच्या बिल्डिंगमध्ये राहत होता.

मग सरळ रस्त्यावर त्यानं गाडी बाजूला घेतली. दुसरी हिरवी गाडी सुळकन पुढे गेली.

टाळ्या पडल्या. बक्षिसाच्या वेळी संघाच्या साहेबानं त्याची पाठ थोपटली. "बघा, याला म्हणतात मोठं मन," सुधाकरराव म्हणाले. बाई त्या पोराचा चेहरा बघत होत्या. तो हसत होता, आणि ते हसू त्यांच्या ओळखीचं होतं. दर वर्षी हात जोडून खाली बसताना त्याही अश्शाच हसल्या होत्या. त्यांना राग आला. त्या पोराचा थोडा, स्वतःचा फार.

टीव्ही बंद झाला, खुर्च्या वळल्या. सुधाकरराव उभे राहिले. "आपल्या परंपरेप्रमाणे निवड बिनविरोधच होईल. शशिकलाताई आता दोन शब्द बोलतील."

बाई उठल्या. सवयीनं सगळ्यांनी टाळ्यांसाठी हात उचललेसुद्धा.

"माझा अंदाज चुकला," बाई म्हणाल्या. "पुढच्या रविवारी पोहे-जिलबी माझ्याकडे, पोट भरून खा." सगळे हसले. "पण त्यानं वाट दिली म्हणून मी देणार नाही. नाव मागे घेत नाहीये."

उचललेले हात कुठे ठेवावेत ते कोणालाच कळेना. विश्वासराव जमिनीकडे बघू लागले.

"अहो, मग मतदान घ्यावं लागेल!" सुधाकरराव म्हणाले, जणू बाईंनी क्लबहाउसला काडी लावायचं ठरवलं होतं. "मंडळाची एकी..."

"इतकी वर्षं मीच खाली बसत आले, म्हणून ती एकी होती. घ्या मतदान."

"पण ते घेतात कसं? आपल्याकडे कधी..."

"सोपं आहे. हात वर करायला सांगा."

सुधाकररावांनी इकडेतिकडे बघितलं. कोणी मदतीला आलं नाही. शेवटी घसा खाकरून ते म्हणाले, "शशिकलाताईंच्या बाजूनं... हात वर करा."

विश्वासरावांकडे नाही, ऋचाकडे नाही, बाईंनी कोणाकडेच वळून पाहिलं नाही. सगळ्यांच्या आधी स्वतःचा हात वर केला, पार खांद्यापासून ताठ.

"मोजा," त्या म्हणाल्या.