भाऊ आणि शहाण्णव खळगे

भाऊ हाताला लागेल ती वस्तू आधी हुंगून बघत. नवा हातमोजा, वंगणाचा डबा, दुरुस्तीला आलेला पंखा, माझा जेवणाचा डबासुद्धा. आमची प्रयोगशाळा नवी औषधं शोधणारी. इथं काहीही हुंगायचं नाही, हा पहिला नियम, दारावर लाल अक्षरांत लावलेला. तो कागद चिकटवायचं काम भाऊंकडेच आलं, आणि त्यांनी तोही आधी हुंगला! मी ओरडले की शांतपणे म्हणत, "ताई, वीस वर्सं डेअरीत कॅन हुंगून दूध घेतलंय. नाक हाय म्हणून घर चाललं."

ते आंदर मावळातले. गावच्या डेअरीत दूध मोजायचं, त्यात फॅट किती ते काढायचं, मशिनं बिघडली की तीही दुरुस्त करायची, असं सगळं करून ते आमच्याकडे दुरुस्तीच्या कामाला लागले. प्रयोगशाळा वडगावच्या बाहेर, भातखाचरांना लागून. कुठल्याही गोष्टीवर त्यांचा पटकन विश्वास बसायचा नाही. पंखा दुरुस्त झाला, फिरायला लागला, तरी हे त्याच्याखाली मान वर करून उभेच. "झालं ना भाऊ?" विचारलं तर म्हणणार, "फिरतोय, पन फिरत ऱ्हातोय का ते बघू द्या की."

माझं काम अंगठ्याचं. एका प्लास्टिकच्या ताटलीत शहाण्णव इवले खळगे. प्रत्येकात एकेका नव्या औषधाचा कण, आणि त्यावर मी जंतूंचं पाणी मोजून सोडायचं. प्रत्येक थेंबाला हातातल्या मापनळीच्या दट्ट्यावर अंगठ्यानं एक दाब. दुसऱ्या दिवशी पाणी गढूळ दिसलं तर जंतू वाढले, नितळ राहिलं तर औषधात काहीतरी दम आहे. अशा दिवसाला बारा ताटल्या, अशी नऊ वर्षं. शेवटी अंगठा इतका सुजला की कुडत्याचं बटण लागेना. डॉक्टर म्हणाले, हे काम सोडा, नाहीतर अंगठा सोडा. हे काम करणारी परदेशी यंत्रं असतात, पण ती आमच्या आवाक्याबाहेरची. आमचे सर भले गृहस्थ. म्हणाले, "ऑफिसात बसा, रिपोर्ट लिहा." मला नव्हते लिहायचे रिपोर्ट! मला त्या खळग्यांतच राहायचं होतं.

मी हात बर्फात धरून बसलेले असताना भाऊ पाना घेऊन आले. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "ह्ये तर आमचं फॅट काढायचंच काम झालं की. एकसारकं माप, एकामागं एक बाटलीत. त्यात मानसाचा अंगठा कशाला झिजवायचा?"

मग महिनाभर त्यांच्या खोलीतून खटखट ऐकू येत होती. भंगारातल्या झेरॉक्स मशीनची पट्टी, एक छोटी मोटर, ओळीत बसवलेल्या आठ सिरिंजा, त्यांना रबरी नळ्या. एक दांडी आठही सिरिंजा एकदम दाबायची, आठ थेंब पडायचे आणि ताटली एक घर पुढं सरकायची. बारा वेळा सरकली की शहाण्णव! भाऊ कुंकवाचं पाणी भरून चाचणी घेत. मी म्हटलं, "भाऊ, पूजा मांडलीत की काय?"

"हसा हसा. पन थेंब मोजा."

मोजले. सगळे सारखे.

खऱ्या जंतूंच्या पहिल्या ताटल्या लावल्या आणि दुसऱ्या दिवशी सर अक्षरशः नाचले. सगळे खळगे नितळ! म्हणजे सगळीच औषधं लागू पडली! आम्हाला पैसा देणारे मुंबईचे पाहुणे तेव्हा लोणावळ्याला उतरले होते. सरांनी त्यांना फोन लावून परतण्याआधी वडगावला या म्हणून आग्रहाचं आमंत्रण देऊन टाकलं.

माझं लक्ष मात्र शेवटच्या ओळीवर गेलं. त्या ओळीत आम्ही मुद्दाम औषध घालत नाही. तिथले जंतू वाढायलाच हवेत. आणि तिथलंही पाणी नितळ होतं.

"भाऊ, नळ्या कशानं धुतल्या?"

भाऊंचा चेहरा अभिमानानं फुलला. नळीचं टोक माझ्या नाकाजवळ धरून म्हणाले, "बघा वास! दुधाच्या नळ्या आमी अशाच धुतो. ब्लीचिंगचं पानी, दर खेपेला. एकबी जंतू जगत न्हाई!"

मी कपाळावर हात मारला. हसू की रडू, कळेना. आमचं अख्खं यश ब्लीचिंग पावडरचं होतं!

सरांनी पाहुण्यांना येऊ नका म्हणून पुन्हा फोन केला, तेव्हा त्यांचे कान लाल झाले होते. फोन ठेवला आणि भाऊंवर कडाडले. भाऊ खाली मान घालून म्हणाले, "चूक माझी हाय." मला राहवलं नाही. "नाही सर, माझी. ह्यांना मी सांगायला हवं होतं." सर म्हणाले, एकच संधी. एक ताटली मी हातानं करायची, एक यंत्रानं. दोन्ही सारख्या आल्या तर यंत्र राहील. नाहीतर ते भंगारात आणि मी ऑफिसात.

भाऊंनी नळ्या उकळून गार केलेल्या पाण्यानं सात वेळा धुतल्या. मी दात-ओठ खात शहाण्णव वेळा अंगठा दाबला. शेवटाकडे दोन ओळींत तर डोळ्यांतून पाणी येत होतं.

दुसऱ्या दिवशी दोन्ही ताटल्या उजेडाला धरल्या. इथं गढूळ तिथं गढूळ, इथं नितळ तिथं नितळ. औषधाविना ठेवलेली ओळ दोन्हीकडे छान गढूळ! गढूळ पाणी बघून एवढा आनंद होणारी मी जगात एकटीच असेन. थोडाफार फरक पडला तो माझ्या त्या रडक्या दोन ओळींतच, दुखऱ्या हातानं थेंब कमीजास्त पडले होते. सर ओळ न् ओळ ताडून म्हणाले, "भाऊंचं काम जास्त सरळ आहे." माझा जीव भांड्यात पडला. मी तिथंच स्टुलावर बसून घेतलं. भाऊ मात्र, "उद्या परत लावून बघू," म्हणत नळ्या धुवायला गेले.

त्यानंतर यंत्र चालू असेपर्यंत भाऊ हात मागं बांधून शेजारी उभे असायचे. दोन वर्षं एकही ताटली त्यांच्या नजरेआड झाली नाही. मग गुडघे कुरकुरायला लागले आणि त्यांनी नोकरी सोडली. शेवटच्या दिवशी म्हणाले, "ताई, आज एकटीनं चालवा. मी भाईर हाय."

मी ताटली लावली. बारा वेळा खट्ट झालं. एकही थेंब चुकला नाही. त्यांना दाखवायला धावत बाहेर आले, तर व्हरांडा रिकामा. सरांनी आणलेली शाल आणि नारळ टेबलावर तसेच. मी फोन लावला. पलीकडून एसटीची घरघर ऐकू येत होती.

"भाऊ, न बघताच निघालात?"

"काय बघायचं त्यात? तुमी हाय की तितं."

रडू आलं, खोटं कशाला सांगू? मग डोळे पुसले, हात स्वच्छ धुतले आणि दुसरी ताटली लावली.