दुसरा कंपायलर

“नाही काढणार, सर! दुसरा कंपायलर राहणारच!”

करोल बागेला मेट्रोत चढलेली ती बाई फोनवर अशी गरजली, की पार गाझियाबादपर्यंतचे सिग्नल घाबरून हिरवे झाले असतील. दिल्लीत मराठी कुणाला कळत नाही, या आपल्या सगळ्यांच्या गोड समजुतीत ती साहेबांशी खुशाल भांडत होती. फोन ठेवल्यावर मी मराठीतच विचारलं, “भांडण कशाचं?”

ती दचकली. चष्मा काढून पुसला, मग हसली.

“काका, आम्ही कॉम्प्युटरचा कर्नल बनवतो, म्हणजे अगदी मुळातला प्रोग्राम. आमचा कोड मशीनच्या भाषेत उतरवतो तो कंपायलर. आमच्याकडे दोन आहेत. एकाने सगळं निमूट घेतलं, दुसरा एका ओळीवर अडून बसलाय. सर म्हणतात, अडणाऱ्याला काढा आणि आजच काम पाठवा, नाहीतर उद्यापासून येऊ नका.”

“मग पाठवा ना! एक हो म्हणतोय की.”

“त्याला चूक दिसली नाही, एवढाच त्याचा अर्थ.” पुन्हा चष्मा पुसला.

सरकारी नोकरीत अडून बसणारे किती सहकारी मी गोड बोलून दुसऱ्या खात्यात धाडले होते!

“पण ती ओळ लिहिली कुणी?”

“मीच.”